काचेखालचा सातबारा

जतच्या एसटी स्थानकावर सांगलीच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या, हाती पांढरी काठी घेतलेल्या एखाद्या गृहस्थाकडे आपण कधी निरखून पाहिले असेल, तर एका गोष्टीने आपणांस खचितच कोड्यात टाकले असेल. ते गृहस्थ मोबाइल कानाशी धरतात, त्याच्या काचेवरून एक बोट डावीकडून उजवीकडे झटकन सरकवतात, मध्येच दोन वेळा टकटक करतात, आणि क्षणभराने शेजारच्यास सांगतात की मिरजेच्या मुलाने पाठविलेले पैसे खात्यावर जमा झाले. जुन्या बटनांच्या फोनवर पाचाच्या आकड्यावर निदान एक बारीक उंचवटा असे, त्याच्या आधाराने बाकीचे आकडे चाचपता येत. या काचेला मात्र ना उंच ना सखल. एवढेच नव्हे, तर पुष्कळदा तिचा उजेडही मालवलेला असतो, कारण ज्याला पडदा पाहावयाचा नाही त्याने बॅटरी का जाळावी, आणि आपली शिल्लक बाकावरच्या चौघांना का दाखवावी?

या कोड्याची दोन उत्तरे लोकांच्या तोंडी असतात. एक असे, की देव एक इंद्रिय नेतो तेव्हा दुसरे तीक्ष्ण करून ठेवतो. दुसरे असे, की हल्लीचे फोन फार हुशार, त्यांना सर्व काही दिसते. सरावाने स्पर्श आणि श्रवण यांना धार चढते हे खरे, पण गुळगुळीत काचेत जे मुळीच नाही ते कितीही तीक्ष्ण बोटाला सापडणार नाही. आणि फोन हुशार असला तरी तो तेथे पडदा पाहत नसतो. तो एक नोंद वाचत असतो. ही नोंद कोणीतरी आधी करून ठेवावी लागते, ती सर्वांनी मान्य केलेल्या नमुन्यात असावी लागते, आणि ती तशी असावी हा आग्रह अंध माणसांनी संघटितपणे, अर्ज-विनंत्या आणि प्रसंगी दावे करून धरलेला असतो. ही गोष्ट नीट उमगण्यासाठी काच थोडा वेळ बाजूस ठेवून जाड कागदाकडे वळणे सोयीचे पडेल.

सहा टिंबांचा करार

लुई ब्रेल हा १८०९ साली पॅरिसजवळच्या कूप्व्रे या खेड्यात खोगीर-लगाम करणाऱ्या एका कारागिराच्या घरी जन्मला. वयाच्या तिसऱ्या वर्षी बापाच्या कारखान्यातील आरी लागून त्याचा एक डोळा गेला आणि पुढे दुसऱ्याचीही दृष्टी मावळली. पॅरिसच्या अंधशाळेत शिकत असता शार्ल बार्बिए नामक लष्करी अधिकाऱ्याने तयार केलेली, बारा उठावदार टिंबांची एक लेखनपद्धती त्याच्या हाती आली. तिच्यात दोष असा होता की बारा टिंबांचे घर बोटाच्या टोकापेक्षा मोठे होई, आणि एकेका खुणेवर बोट वरखाली फिरवावे लागे. १८२४ साली, पंधरा वर्षांच्या वयात, ब्रेलने हे घर निम्मे केले: दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबे. डावीकडची वरून खाली पहिले, दुसरे, तिसरे. उजवीकडची चौथे, पाचवे, सहावे. प्रत्येक टिंब एक तर उठलेले असेल किंवा नसेल. त्यामुळे दोनास दोनाने सहा पदरी गुणून चौसष्ट आकृत्या होतात, आणि कोरे घर वगळले तर त्रेसष्ट उरतात. सबंध घर बोटाच्या पेरात एकदम मावते, म्हणून वाचणाऱ्याचे बोट अक्षरावर थबकत नाही, ओळीवरून सरकत जाते.

ही झाली युक्ती. पण कोणत्या आकृतीस कोणते अक्षर म्हणावयाचे, हा संकेताचा प्रश्न आहे, आणि संकेत हा दोघांनी मानल्यावाचून संकेत होत नाही. आपल्या देशात इंग्रजांच्या अमदानीत अंधशाळा निघू लागल्या, तेव्हा नेमके येथेच घोडे अडले. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी काढलेली शाळा, जी आज दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाते, आणि १९०२ ची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा या आपल्याकडील आरंभीच्या संस्था. त्या काळात डॉ. नीळकंठराय छत्रपती यांनी बसविलेली एक ब्रेलपद्धती होती, म्हैसूरकडे निराळी होती, आणि मिशनऱ्यांनी आणखी काही प्रचारात आणल्या होत्या. परिणामी एका प्रांतात मोठ्या खर्चाने उठविलेले पुस्तक दुसऱ्या प्रांतातील विद्यार्थ्याला केवळ खरखरीत कागद वाटे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने युनेस्कोच्या साहाय्याने हा गोंधळ मिटविण्याचे मनावर घेतले. त्या कामी न्यूझीलंडचे सर क्लुथा मॅकेन्झी या स्वतः अंध असलेल्या गृहस्थांचा मोठा वाटा होता. १९५१ साली भारती ब्रेल निश्चित झाली आणि त्याच वर्षी देहरादून येथे ब्रेल छापखाना सुरू झाला.

भारती ब्रेलचे तत्त्व थोडक्यात असे: लिपी कोणतीही असो, समान ध्वनीस समान टिंबे. आणि या तत्त्वाची खरी गंमत कळावयास जत तालुक्याइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. डफळ्यांचे हे जुने संस्थान १९४८ साली विलीन झाले, दक्षिण साताऱ्यात आणि पुढे १९६० पासून सांगली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मोडू लागले. पण उमदी, संख, बिळूर या बाजूस घराघरांत कानडी बोलली जाते, कानडी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि गुड्डापूरच्या दानम्मादेवीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांत कर्नाटकातील मंडळींचा भरणा मोठा. येथल्या डोळस मुलाला मराठी येते, कानडी बोलताही येते, परंतु मराठी शाळेत गेला असेल तर कानडी पाटी त्याला वाचता येत नाही, कारण दोन लिप्यांच्या वळणांचा एकमेकींशी मेळ नाही. अंध मुलाची गोष्ट याच्या उलट आहे. ‘जत’ हे नाव ब्रेलमध्ये दोन घरांत मावते: ज म्हणजे दुसरे, चौथे आणि पाचवे टिंब, त म्हणजे तीच तीन आणि शिवाय तिसरे. दोन अक्षरांत अंतर काय ते एका टिंबाचे, आणि सरावलेले बोट ते चुकत नाही. आता हेच नाव कानडीत लिहा. कागदावर उठणारी टिंबे तीच. कानडीतील ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांसारख्या, मराठीस नसलेल्या थोड्या ध्वनींची घरे काय ती निराळी शिकावी लागतात. अर्थ कळण्यास भाषा यावी लागते हे उघडच आहे, पण ती या मुलाच्या अंगणातच बोलली जाते. म्हणजे दोन भाषांच्या वेशीवर राहणाऱ्या अंध बालकाला त्याच्या डोळस भावंडाहून एक दार अधिक उघडे आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी बोलून दाखवीत नाही.

मराठी ब्रेल ही छापील मराठीची हुबेहूब नक्कल मात्र नाही. छापील ‘कि’ मध्ये वेलांटी आधी येते आणि क मागून. ब्रेलमध्ये जसे कानाला ऐकू येते तसेच, आधी क आणि मग इ. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण, म्हणजे केवळ चौथे टिंब, अर्ध्या अक्षराच्या आधी पडते. हाताने लिहिताना पाटीत कागद अडकवून टोचणीने भोके दाबावयाची असतात, आणि टिंबे कागदाच्या पाठीमागे उठत असल्याने लिहिणारा उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखे उलटे लिहितो व कागद पालटून सुलटे वाचतो. हे सारे शिकून तयार झालेल्या वाचकापुढे मराठीत वाचावयास काय आहे, हा पुढचा प्रश्न. त्याला शालेय पुस्तकांपलीकडचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न म्हणजे स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केलेले ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक.

सात आणि बारा

आता काचेकडे परत येऊ. एखाद्या शेताविषयी माहिती हवी असेल तर दोन मार्ग असतात. बांधावर उभे राहून डोळ्यांनी पाहावे, हा एक. आणि सातबाऱ्याचा उतारा काढून वाचावा, हा दुसरा. उताऱ्यात ज्वारीचा हिरवा रंग नसतो. पण खातेदार कोण, क्षेत्र किती, पीक कोणते, बोजा काय, हे ठरलेल्या रकान्यांत लिहिलेले असते, आणि बांधावर कधीही पाऊल न ठेवलेला माणूस त्यावरून व्यवहार करू शकतो. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर जे जे दिसते त्याचाही असा एक उतारा काचेखाली ठेवलेला असतो. त्यात प्रत्येक वस्तूची निदान तीन कलमे असतात: तिचे नाव काय, ती कोणत्या प्रकारची, आणि या क्षणी तिची स्थिती कोणती. ‘पैसे पाठवा’ हे नाव, बटन हा प्रकार, ‘सध्या बंद’ ही स्थिती. ज्या आज्ञावलीस स्क्रीन रीडर म्हणतात, ती पडद्याचे रंग, आकार, सजावट यांच्याकडे ढुंकूनही न पाहता हे दप्तर उघडते आणि एकेक नोंद वाचून दाखविते.

म्हणूनच ते बोट चालते. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक नावाचा स्क्रीन रीडर चालू केला की बोटाचा स्पर्श थेट बटनास लागत नाही. तो आधी वाचकाकडे जातो. बोट उजवीकडे झटकले की पुढची नोंद, डावीकडे झटकले की मागची. हवी ती ऐकू आली की काचेवर कोठेही दोनदा टकटक, आणि ती नोंद अमलात येते. बटन काचेच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे ठाऊक असण्याचे कारणच उरत नाही. टॉकबॅक आणि आयफोनवरील व्हॉइसओव्हर हे दोन्ही २००९ सालचे. पुढे २०२० मध्ये टॉकबॅकने काचेवर सहा बोटे टेकून ब्रेल टंकण्याचीही सोय दिली, आणि दोनशे वर्षांपूर्वीची ती सहा टिंबे गुळगुळीत काचेवर आली.

पण उतारा तलाठ्याने लिहिलाच नसेल तर? पुष्कळ ॲपमध्ये बटनाच्या जागी सुबक चित्र असते, आणि ते करणाऱ्याने नावाचा रकाना कोरा सोडलेला असतो. डोळसास चित्रावरून समजते. स्क्रीन रीडर मात्र ‘बटन’, ‘बटन’, ‘बटन’ एवढेच म्हणत राहतो, आणि ऐकणाऱ्याने कोणते दाबले असता पैसे जातील व कोणते दाबले असता मागणी रद्द होईल याचा कौल लावावयाचा. याहून चमत्कारिक प्रकार कॅप्चाचा. वेडीवाकडी अक्षरे चित्रात दाखवून ‘ही ओळखा’ असे सांगणारी ही कसोटी यंत्रास आत येऊ न देण्यासाठी काढलेली आहे. अंध माणूस यंत्राच्या तोंडून वाचतो, म्हणून यंत्राबरोबर तोही दाराबाहेर राहतो. नोंदीचे दप्तर कसे ठेवावे याचे नियम जागतिक वेबसंघाने १९९९ सालीच प्रसिद्ध केले आहेत आणि आपल्या सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तेव्हा अज्ञानाची सबब आता चालण्याजोगी नाही.

मराठीपुरती एक अडचण आणखी आहे, आणि ती आपल्याच कचेऱ्यांनी वर्षानुवर्षे पोसलेली आहे. संगणक अक्षरे साठवीत नाही, आकडे साठवितो. युनिकोड नामक जागतिक संकेतात ‘ज’चा क्रमांक २३३२ आणि ‘त’चा २३४०, हे आकडे सापडले की स्क्रीन रीडरला ‘जत’ हे निःसंशय कळते, मग तो ते बोलून दाखवो वा टिंबांत उठवो. परंतु युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी टंकनासाठी जे फाँट निघाले, त्यांनी वेगळीच तोड काढली होती: इंग्रजी अक्षराचा आकडा तसाच ठेवावयाचा आणि त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवावयाचा. कृतिदेव फाँटमध्ये ‘जत’ टंकले तर पडद्यावर दिसते जत, पण साठविलेले असते इंग्रजी ‘टी’ आणि ‘आर’. डोळसास काही खटकत नाही. स्क्रीन रीडर प्रामाणिकपणे ‘टी आर’ म्हणतो. असा चार पानांचा शासकीय आदेश ऐकणे म्हणजे कोणी आपल्यापुढे तास दीड तास अनोळखी भाषेतील मुळाक्षरे घोकत बसावे तसा प्रसंग होय. गमतीची बाब अशी की युनिकोडातही भारती ब्रेलसारखेच एक साटेलोटे दडलेले आहे: ऐंशीच्या दशकात आपल्या देशात ठरलेल्या प्रमाणपद्धतीचा क्रम त्याने उचलला असल्यामुळे, देवनागरीची रांग २३०४ पासून आणि कानडीची ३२०० पासून सुरू होत असली तरी, ज दोन्ही रांगांत आरंभापासून २८ घरे पुढे आहे आणि त ३६ घरे. सीमेच्या दोन बाजूंस पाट्यांवरून डोकी फुटत असताना यंत्राच्या पोटात हा शेजार सुखाने नांदतो आहे.

अक्षराचा आवाज

नोंद वाचून झाली, आकडे मिळाले, आता उच्चार. मराठीचे लेखन ध्वन्यनुसारी आहे असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि यंत्राला उच्चार शिकविणाऱ्यांस ते पुरतेपणी खरे नसल्याचे पहिल्याच दिवशी कळते. ‘करवत’ हा शब्द चार अक्षरांनी लिहिला जातो, प्रत्येकात अ आहे, पण उच्चारताना आपण र मधला आणि शेवटच्या त मधला अ गिळून टाकतो. कोठला अ गिळावयाचा हे लिहिलेले नसते. यंत्राला त्याचे नियम आणि अपवाद शिकवावे लागतात. ‘चाक’ मधला च आणि ‘चंद्र’ मधला च दिसावयास एक, बोलावयास दोन. ‘जावई’ आणि ‘जय’ यांच्या ज चेही तसेच. हिंदीसाठी घडविलेला आवाज मराठी मजकुरावर लावला की सासरा-जावयाचा सारा संवाद परका वाटू लागतो, तो यामुळे.

नवखा ऐकणारा मानवी आवाजासारख्या गोड आवाजाची अपेक्षा करतो. रोज सहा तास ऐकणाऱ्याची पसंती वेगळी असते: तो आवाजाचा वेग दुपटी-तिपटीवर नेतो, आणि त्या वेगात गोड आवाजाचा चिखल होतो, तर ई-स्पीकसारखा पत्र्यासारखा वाजणारा कोरडा आवाज स्पष्ट राहतो. हा आवाज एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरबरोबर येतो, ज्याची कथा सांगण्याजोगी आहे. संगणकावरील जॉज हा जुना आणि मातबर स्क्रीन रीडर विकत घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ पासून एनव्हीडीए घडविला आणि तो जगास फुकट दिला. जुन्या संगणकावरही तो चालतो. देणग्यांवर त्याचे काम चालू राहिले आहे.

तरीसुद्धा कानावर सर्वस्वी विसंबणे शहाणपणाचे नाही. केवळ ऐकून शिकलेल्या मुलास ‘पाणी’ आणि ‘पाणि’ यांतला भेद कोठून कळावा? शुद्धलेखन, गणिताची मांडणी, कवितेच्या ओळी कोठे तुटतात हे सारे बोटाखाली यावे लागते. आवाज आला म्हणून ब्रेलची गरज संपली असे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या मुलांना नुसत्या रेडिओवर शिकवून पाहावे.

> चौकट : नोट ओळखावी कशी?
> २०१६ नंतरच्या मालिकेत शंभराच्या नोटेवर उठावदार त्रिकोण, दोनशेच्या नोटेवर इंग्रजी ‘एच’ आणि पाचशेच्या नोटेवर वर्तुळ असते. कडांवर तिरप्या रेघा असतात: शंभरावर चार, दोनशेवर चार व मध्ये दोन वर्तुळे, पाचशेवर पाच. दहा, वीस आणि पन्नास यांवर उठाव नाही.
> लांबी : शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५० मिलिमीटर, तिघींची रुंदी ६६. म्हणजे एका नोटेत आणि दुसरीत फरक चार मिलिमीटरांचा.
> चार हात फिरलेल्या नोटेचा उठाव बसून जातो, आणि बाजारात उभ्या उभ्या चार मिलिमीटर मोजणे कठीण. नव्या नोटांविरुद्ध नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली ती यामुळे. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने ‘मणी’ हे ॲप काढले. कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ते इंटरनेटवाचूनही मूल्य सांगते. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.

मागितल्याशिवाय मिळालेले नाही

वरच्या चौकटीतील प्रकरण अपवादात्मक नाही. या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक सोयीच्या पाठीमागे एखादा अर्ज, एखादी याचिका, एखाद्या संघटनेचा अनेक वर्षांचा पाठपुरावा सापडतो. पुण्यात १९३४ साली डॉ. शंकरराव माचवे यांनी काढलेली अंधशाळा किंवा १९५२ साली मुंबईत स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, या संस्थांचा आरंभीचा भर शिक्षण, निवारा, हातउद्योग यांवर होता, आणि त्या काळाला ते साजेसेच होते. १९७० साली अंधांनीच चालविलेला राष्ट्रीय दृष्टिहीन संघ उभा राहिला, आणि सूर बदलला: आम्हांस सांभाळा या जागी, आमची अडवणूक करू नका.

अडवणूक म्हणजे काय हे बँकेच्या उदाहरणावरून पाहावे. सही दर वेळी सारखी येत नाही, फसवणूक होईल, अशा सबबींवर अंध खातेदारास चेकबुक, एटीएम कार्ड नाकारण्याची वहिवाट देशभर होती. अपंगांसाठीच्या मुख्य आयुक्तांपुढे हा वाद गेला, त्यांचा निर्णय २००५ मध्ये झाला, आणि ४ जून २००८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बजावले की चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड या सोयी अंधांस भेदभाव न करता द्याव्यात. कार्ड मिळाले, पण एटीएम मुके. बोलणारे पहिले एटीएम युनियन बँकेने अहमदाबादेत २०१२ साली बसविले. त्याच वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन, प्रकाशकाच्या परवानगीवाचून पुस्तकाची ब्रेल किंवा श्राव्य प्रत करण्याची मुभा मिळाली. तत्पूर्वी अंध वाचकासाठी पुस्तक स्कॅन करणारा कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच ठरत असे! हीच मुभा देशोदेशी मिळावी म्हणून झालेल्या २०१३ च्या माराकेश करारास मान्यता देणारा पहिला देश भारत, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि सुगम्यता ही मेहेरबानीची बाब राहिली नाही; सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणात एक टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांचा.

कायदा असून माणसाला काय सोसावे लागते हे प्रांजल पाटील यांच्या कारकिर्दीत दिसते. उल्हासनगरच्या प्रांजल दादरच्या त्याच कमला मेहता शाळेत शिकल्या, स्क्रीन रीडरच्या आधारे अभ्यास करून २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, आणि रेल्वेच्या लेखासेवेतील नेमणूक त्यांना दृष्टी नसल्याच्या कारणावरून नाकारण्यात आली. पुढच्याच परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासन सेवेत गेल्या. हे उदाहरण सांगताना आपण जिद्दीचे पोवाडे गातो. नकार कोणत्या नियमाने दिला गेला, हे विचारण्याचे राहून जाते.

सर्वांत ताजे प्रकरण तर सरळ त्या काचेपाशीच येऊन पोहोचते. बँकेचे खाते वा सिमकार्ड घरबसल्या घ्यावयाचे तर फोनपुढे चेहरा चौकटीत धरा आणि डोळ्यांची उघडझाप करा, असे ॲप सांगते; समोर जिवंत माणूस आहे, छायाचित्र नाही, याची ती खातरजमा. ज्याला चौकट दिसत नाही, ज्याच्या पापण्या मिटत-उघडत नाहीत, तो या कसोटीत जिवंत ठरत नाही. अंध याचिकाकर्ता आणि ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्ती यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि जिवंतपणाची खूण पापणीखेरीज अन्य मार्गांनीही पटविता आली पाहिजे.

तालुक्याच्या कचेरीत

दिल्लीचा निर्णय जतच्या पंचायत समितीच्या जिन्यापर्यंत यावयास वेळ लागतो. ज्याची दृष्टी उत्तम चष्म्यानेही ३/६० हून कमी, म्हणजे निकोप डोळ्यास साठ मीटरांवरून जे दिसते ते तीन मीटरांवरूनही ज्याला दिसत नाही, तो कायद्याने अंध; पण तसा दाखला मिळविण्यासाठी कवठेमहांकाळ, मिरज ओलांडून सांगली गाठावी लागते, तीही बहुधा एकाहून अधिक वेळा. त्या वाटेवर जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत ज्यांचा इलाज होऊ शकतो असे पुष्कळ असतात, कारण २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वांपैकी ६६ टक्क्यांचे कारण मोतीबिंदू निघाले. त्यांना शस्त्रक्रिया हवी, उरलेल्यांना नोंद हवी. दोहोंची गल्लत करून जत्रेत काठ्या वाटल्याने यांपैकी एकही काम होत नाही.

नोंदीचे काम तर विनाखर्चाचे आहे. ग्रामसभेची सूचना, टँकरच्या पाळ्या, पीकविम्याची मुदत हे सारे हल्ली व्हॉट्सॲपवर येते, पण येते ते शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो होऊन. फोटोतली अक्षरे ओळखणारी ॲप आहेत. स्वच्छ छापील मजकूर ती बऱ्यापैकी वाचतात, मात्र हाताने आखलेला तक्ता, त्यावरचा जांभळा शिक्का आणि कोपऱ्यातली तिरकी सही यांपुढे हात टेकतात. ग्रामसेवकाने वा शिक्षकाने आपल्याच फोनच्या सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’त जाऊन टॉकबॅक चालू करावा, डोळे मिटावेत, आणि सकाळी आपणच गटावर टाकलेली सूचना उघडावी. फोन ‘फोटो’ एवढे म्हणून गप्प बसला, तर त्या फोटोखाली तारीख, वेळ आणि ठिकाण युनिकोड मराठीत दोन ओळींत टंकून पुन्हा ऐकावे. टॉकबॅक बंद करताना मात्र लक्षात ठेवावे, की आता एकदा दाबून भागत नाही. बंदच्या बटनावर आधी बोट न्यावे, नाव ऐकावे, आणि मग दोनदा टकटक करावी.